तुम्ही विचारलंत म्हणून: ‘मॅटवर घासलंय’ असं मी का नाही म्हणालो

“सर, तुम्ही नुसतं ‘मॅटवर घासलंय’ म्हणाला असतात तर पोरगं खेळलं असतं की.”

हे मला तालमीत ऐकवतात, स्टाफरूममध्ये ऐकवतात, परवा कात्रजला एका लग्नात पंगतीला बसलो तर शेजारच्याने वरण वाढायच्या आधी हेच काढलं. म्हणून एकदाच नीट लिहितो. आमचा 65 किलोचा पैलवान आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत वजनाआधीच्या मेडिकलला बाद झाला, मानेवर गजकर्ण होतं, डॉक्टरांनी मला विचारलं आणि मी आहे ते सांगितलं. एवढंच घडलं. मी दुसऱ्या कॉलेजला मिळालेलो होतो वगैरे जे बोलतात त्यांना उत्तर देणार नाही.

आधी नियमाचं. हा नियम माझ्या किंवा त्या डॉक्टरांच्या डोक्यातून निघालेला नाही. जागतिक कुस्ती संघटनेच्या नियमातच आहे की वजनाआधी डॉक्टरांनी पैलवानाला तपासायचं आणि संसर्गाचा धोका असेल तर काढायचं, नखं बारीक कापलेली हवीत हेही त्यातच आहे. अमेरिकेत कॉलेज कुस्तीला तर तासांचा हिशोब असतो. अंगावर गजकर्ण असेल तर कमीत कमी 72 तास मलम लावलेलं पाहिजे, डोक्याच्या कातडीत असेल तर दोन आठवडे पोटातून औषध. नागिणीसारखे पाण्याचे फोड येतात तो हर्पिस असेल तर 72 तासांत नवा फोड नको, सगळ्यांवर खपली धरलेली पाहिजे आणि गोळ्या सुरू होऊन 120 तास झालेले पाहिजेत. आणि चालू असलेला संसर्ग नुसता पट्टीने झाकला म्हणून खेळता येत नाही, हे मुद्दाम सांगतो, कारण “पट्टी मारून सोडायचं ना” हा तुमचा दुसरा प्रश्न असतो. ते लोक इतके कडक का झाले? 1989 ला मिनेसोटात एका कुस्ती शिबिरात 175 पोरं होती, त्यातल्या 60 जणांना हर्पिस झाला. एका शिबिरात.

आता ती सकाळ. पोरगं मावळातलं, तालमीतच राहायचं, वडील आठवड्याला दूध-तूप घेऊन यायचे. शेवटचं वर्ष होतं. वजन उतरवायला आदल्या रात्री जेवला नव्हता, पाणीही घोट घोट, ओठ फुटलेले. रांगेत सिंगलेट घालून उभा होता आणि सारखा मान खाली घालून डाव्या हाताने कानामागे चोळत होता, मी म्हणलं हात खाली घे. डॉक्टर बाई तरुण होत्या, घाई नव्हती त्यांना, प्रत्येकाची काख, पोट, कोपराची खोबण बघत होत्या. ह्याच्यापाशी आल्या, म्हणाल्या मान फिरव. केसांच्या रेषेखाली, उजव्या बाजूला, खडाखडीत समोरच्याचा हात जिथे पडतो बरोबर तिथे, रुपयाहून मोठं गोल. पण लाल नव्हतं. मधे कातडी गुळगुळीत, जराशी चकाकणारी, आणि कडेला बारीक कोंडा, तोही अर्ध्याच कडेला. लांबून बघितलं तर खरंच मॅटची खरचट वाटली असती. त्यांनी टॉर्च लावला, बोटाने कातडी ताणली आणि माझ्याकडे बघून विचारलं, “सर, मॅट बर्न आहे का हे?”

पोराने माझ्याकडे बघितलं. काही बोलला नाही. मला माहीत होतं काय लावलंय ते, कारण रूमवर त्याच्या उशाशी ती ट्यूब मी बघितली होती, मेडिकलवाला चिठ्ठी न बघता देतो ती, बुरशीचं औषध, अँटिबायोटिक आणि कडक स्टेरॉइड सगळं एकात. दोन दिवस लावली की खाज जाते, लाली जाते, बुरशी मात्र आत पसरत राहते. बंद कर म्हणून सांगितलं होतं, त्वचेच्या डॉक्टरांकडे जा म्हणूनही सांगितलं होतं. स्पर्धा जवळ आली आणि पोराने परत लावली.

मी म्हणलं, “नाही मॅडम, गजकर्ण आहे.”

त्याने सिंगलेटचे पट्टे खांद्यावरून उतरवले आणि बॅगेकडे गेला. वडील बाहेर गेटपाशी होते, हातात केळी आणि ताकाची बाटली, वजन झालं की लगेच पोटात काहीतरी जावं म्हणून. त्यांना सांगायला मीच गेलो. ते म्हणाले, “सर, खाजेसाठी?” मी म्हणलं, अण्णा, नियम आहे. ह्याच्यापुढे मला काही बोलता आलं नाही, आजही आलं नसतं.

विशीतला मी असतो तर बेधडक खोटं बोललो असतो. आम्ही मातीत वाढलो, हौदातल्या मातीत हळद, ताक, तेल, लिंबू पडायचं आणि आम्ही समजायचो माती सगळं खेचून घेते, नायटा म्हणजे पैलवानाला असायचाच. त्या विशीतल्या पोराला मी अजून मनात सांगत असतो की बाबा, माती काय आणि मॅट काय, हे पसरतं मुख्यतः अंगाला अंग घासून, सहा मिनिटांच्या कुस्तीत मान दंडावर, दंड गालावर, आणि एका दिवसात एक पोरगं चार-पाच जणांशी भिडतं. ती चार पोरं कुणाची? त्यांचेही वडील बाहेर ताक घेऊन उभे असतात. पण तो विशीतला ऐकत नाही, तो म्हणतो समोरच्या चौघांपैकी दोघांना आधीच असेल, त्यांचे सर गप्प बसले, तू का बोललास. ह्याला माझ्याकडे पक्कं उत्तर नाही. असेलही दोघांना.

आणि एक गोष्ट मला खरंच खटकते. तो 72 तासांचा हिशोब औषध लागू पडतंय असं धरून केलाय. आपल्याकडे गेली काही वर्षं जी बुरशी पसरलीय, ट्रायकोफायटॉन इंडोटिनी, 2020 ला वेगळं नाव मिळालं तिला, ती टर्बिनाफिनला, म्हणजे बुरशीवरच्या नेहमीच्या औषधाला, बऱ्याचदा दाद देत नाही, आठवडेच्या आठवडे गोळ्या चालतात. पावसाळ्यात पुण्यात तालमीच्या खोलीत लंगोट दोन दोन दिवस वाळत नाहीत, एका टॉवेलला तीन पोरं अंग पुसतात, नीकॅप तर सगळ्यांचे सगळ्यांचेच. अशात तपासणी फक्त वजनकाट्यापाशी, स्पर्धेच्या सकाळी केली तर पोरगं बरं व्हायला शिकत नाही, लपवायला शिकतं. सरकारी नोकरीत खेळाडूंना 5 टक्के जागा आहेत, तिथे पोचायची सुरुवात अशाच स्पर्धांतून होते, मग ट्यूब लावून लाली घालवली तर त्याला नावं कशी ठेवायची? मी ठेवत नाही. तरी त्या बाईंनी आज परत विचारलं तर मी तेच सांगेन. ह्या दोन्ही गोष्टी मला एकत्र खऱ्या वाटतात आणि त्यांचा मेळ मला घालता आलेला नाही.

पोरगं नंतर बरं झालं, बराच काळ गोळ्या खाऊन. मॅटवर परत आलं नाही. भरतीच्या ग्राउंडची तयारी करतो असं कळतं, माझा फोन घेत नाही.

आमच्याकडे आता दर सोमवारी जोर काढायच्या आधी सगळ्यांची मान, काख, जांघ बघतो, डाग दिसला की त्याच दिवशी त्वचेच्या डॉक्टरांकडे, मॅट रोज औषधाने पुसतो, टॉवेल ज्याचा त्याचा. स्पर्धेच्या आयोजकांना लेखी मागितलंय की एक मेडिकल तीन आठवडे आधी घ्या, म्हणजे ज्याला निघालं त्याला औषधाला वेळ तरी मिळेल. अजून उत्तर नाही. तुमच्यापैकी कुणाची तिथे ओळख असेल तर मला ‘मॅटवर घासलंय’ ऐकवण्याऐवजी तेवढं विचारा.