फुकटचा चोथा

“फुकटचा हाय, खाऊ द्या की पोटभर!” जालन्यात एका ज्यूस सेंटरमागं मेंढ्यांपुढं मोसंबीच्या चोथ्याचं अख्खं घमेलं ओतलं गेलं. वर पिवळ्या साली, खाली हिरवट बुरशीचा गोळा. वास आंबूस नव्हे, कुबट.

असा चोथा उकिरड्यावरच बरा. वरची बुरशी काढून भागत नाही, विष आत उतरलेलं असतं.

ताज्या चोथ्यात ८० टक्क्यांच्या आसपास पाणी, टिकणार कसा? ४ किलोला १ किलो कडब्याची कुट्टी मिसळायची, पिंपात दाबून ३ आठवडे हवाबंद. मग मेंढीमागं रोज २०० ग्रॅमपासून सुरुवात, दहा-बारा दिवसांत रोज किलोभर. एकदम दिला तर पोटात आम्ल वाढतं, रवंथ थांबतो. प्रथिनं कमी, म्हणून सोबत मूठभर सरकी पेंड. (सीताफळाचा चोथा नकोच, बिया विषारी.)

तुमच्याकडचा चोथा जातो कुठं?