दोन माणसांची होडी

आज दुसऱ्या वर्षाला भारतीय न्याय संहितेचं कलम 19 शिकवलं, म्हणजे जुन्या दंडविधानातलं 81. त्यातलं उदाहरण 1860 पासूनचं. कप्तानाची चूक नसताना जहाजासमोर अचानक 20-30 प्रवाशांची होडी येते. जहाज वळवलं तर 2 प्रवाशांच्या होडीला धोका. तिला धडक द्यायचा हेतू नसेल, तर वळवणं गुन्हा नाही.

फळ्यावर दोन होड्या काढल्या. मागच्या बाकावरची मालवणची मुलगी उठली. "मॅडम, दोघांच्या होडीत माझे बाबा असतात."

खडू हातातच राहिला. इतकी वर्षं शिकवतेय, पण त्या होडीत मला माणसं कधी दिसलीच नव्हती.

मग 1884 चा इंग्लंडमधला खटला सांगितला. मिन्योनेट नावाची नौका बुडाली, छोट्या बोटीत चौघं, अन्नपाणी संपलेलं. त्याला खाऊन बाकीचे जगावेत म्हणून 17 वर्षांच्या रिचर्ड पार्करला मारलं. कोर्टाने खूनच ठरवला. फाशी सुनावली, नंतर ती सहा महिन्यांच्या कैदेवर आली.

फरक तिनेच सांगितला. "कप्तानाला ते दोघंही वाचायला हवेत. इथं रिचर्ड मरायलाच हवा होता."

तास संपला. मोठी होडी पुसली, छोटी पुसायला हात धजेना.