गेटाचा चेहरा: रोममध्ये चांदीच्या नाण्यामागून

इ.स. २११ च्या डिसेंबरात रोमच्या राजवाड्यात एका सम्राटाने आपल्या सख्ख्या धाकट्या भावाला मारवलं. थोरला कॅराकॅला, धाकटा गेटा. गेटाने शेवटचा श्वास घेतला तो आईच्या, ज्युलिया डोम्नाच्या, मिठीत. पुढे त्याचे पुतळे फुटले, शिलालेखांतलं नाव छिन्नीने उडवलं गेलं. त्या काळात हयात असलेला इतिहासकार कॅशियस डिओ सांगतो की कॅराकॅलाने गेटाच्या चेहऱ्याची नाणीसुद्धा वितळवली.

तरीही गेटाची चांदीची नाणी आज भरपूर सापडतात. इतकी, की इंग्लंडात राहणाऱ्या माझ्यासारख्या साध्या संग्राहकाकडेही त्याचा एक देनारिअस, म्हणजे रोमन चांदीचं नाणं, आहे. नाणं पुष्कळदा पाहून झालं होतं. दगडावरून पुसलेला गेटा कसा दिसतो ते पाहायचं होतं, म्हणून या वेळी रोम. नाणं अर्थातच घरी ठेवलं. प्राचीन वस्तूंबाबत इटलीचे कायदे कडक आहेत आणि ते तसेच असावेत. सोबत घेतला तो दोन्ही बाजूंचा मोठा करून छापलेला फोटो.

तेर्मिनी स्टेशनातून बाहेर पडलं की पालाझ्झो मास्सिमो हे संग्रहालय हाकेच्या अंतरावर आहे. बहुतेक लोक सर्वांत वरच्या मजल्यावर, सम्राट ऑगस्टसची बायको लिव्हिया हिच्या बागेच्या भित्तिचित्रांकडे जातात. ती पाहावीतच. पण नाणी आहेत तळघरात, आणि तिथे निवांत वेळ काढता येतो. मी सम्राटांच्या क्रमाने चांदी पाहत गेले. ऑगस्टसच्या काळात देनारिअस जवळजवळ शुद्ध चांदीचा होता. इ.स. ६४ मध्ये नीरोने वजन कमी केलं, कसही उतरवला. गेटाचा बाप सेप्टिमिअस सेव्हरस याच्या कारकिर्दीत चांदी जेमतेम निम्म्यावर आली. मग २१५ च्या सुमारास कॅराकॅलाने एक नवं, मोठं नाणं काढलं. ते दोन देनारिअसच्या मोलाचं धरलं जात असावं, पण वजन होतं दीडपटीच्या आसपास. आणखी पन्नासेक वर्षांनी त्या नाण्यात चांदी उरली ती वरच्या मुलाम्यापुरती.

ही घसरण आकड्यांत वाचलेली होती. काचेआडची नाणी एकापाठोपाठ एक पाहिली की ती रंगातच दिसते. कारणही घरातलंच आहे. सेव्हरसने फौजेचा पगार वाढवला, कॅराकॅलाने आणखी वाढवला. डिओच्या म्हणण्याप्रमाणे मरताना सेव्हरसने मुलांना सांगितलं होतं की एकोप्याने राहा, सैनिकांना श्रीमंत करा, बाकी कोणाची फिकीर करू नका. मुलांनी त्यातलं पहिलं वर्षभरही पाळलं नाही.

गेटाच्या नाण्यांपाशी मी सर्वांत जास्त रेंगाळते, कारण त्यांवर एक मुलगा मोठा होताना दिसतो. १९८ मध्ये त्याला ‘सीझर’, म्हणजे राजवारस, ही पदवी मिळाली तेव्हा तो आठ-नऊ वर्षांचा होता. त्या नाण्यांवर गोल चेहरा, गुळगुळीत हनुवटी. हळूहळू मान जाड होते, जबडा भरतो. २०९ मध्ये तो ‘ऑगस्टस’, म्हणजे बाप आणि भावाबरोबरचा सहसम्राट, झाला आणि त्यानंतरच्या नाण्यांवर त्याला दाढी आहे, चेहरा हुबेहूब बापाचा. बाविशीच्या पुढचा चेहरा नाही. माझं नाणं लहानपणचं आहे. पुढच्या बाजूला लेख ‘पी सेप्टिमिउस गेटा काएस’, म्हणजे पुब्लिउस सेप्टिमिउस गेटा, सीझर.

ही नाणी पाडली कुठे? कलोसियमपासून थोडं चाललं की सान क्लेमेंते चर्च लागतं. आत जिन्याने उतरत जायचं: बाराव्या शतकातल्या चर्चखाली चौथ्या शतकातलं, आणि त्याच्याही खाली रोमन इमारती. तिथल्या दगडी चिऱ्यांच्या एका भल्यामोठ्या वास्तूला काही अभ्यासक शाही टांकसाळ मानतात, काहींना ते पटत नाही. पण टांकसाळ याच भागात होती, याला आधार आहे. परिसरात इ.स. ११५ चे टांकसाळीतल्या लोकांचे लेख मिळाले आहेत आणि त्यांत कामं वेगवेगळी नोंदलेली आहेत: साच्यावर चकती ठेवणारा वेगळा, हातोडा मारणारा वेगळा. माझ्या नाण्यावर लेखाची दोन अक्षरं काठाबाहेर गेली आहेत, कारण चकती तसूभर सरकली होती. खाली उतरल्यावर ओल अंगाला लागते, भिंतीआडून वाहत्या पाण्याचा आवाज येतो. त्या अंधारात मी त्या चकती ठेवणाऱ्या हाताचा बराच वेळ विचार करत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोरम, म्हणजे प्राचीन रोमचा मुख्य चौक. सेप्टिमिअस सेव्हरसची कमान २०३ मधली आहे. माथ्यावर एके काळी घोड्यांचा रथ होता, हे एका दुर्मिळ देनारिअसवरूनच कळतं. आज माथा रिकामा आहे. लेख दोन्ही बाजूंना तोच. मी दुर्बिणीने चौथी ओळ धरली. तिथे दोन्ही सम्राटांची, म्हणजे बापाची आणि कॅराकॅलाची, ‘सर्वोत्तम आणि महापराक्रमी राजे’ अशी स्तुती आहे. ही भरती नंतरची. मूळ अक्षरं ब्राँझची, दगडात खिळ्यांनी बसवलेली होती. अक्षरं उपटली तरी खिळ्यांची भोकं राहिली, आणि त्या भोकांच्या जागांवरून अभ्यासकांनी खालचा मजकूर लावला: पुब्लिउस सेप्टिमिउस गेटा, महाकुलीन सीझर. माझ्या हातातल्या फोटोत तेच नाव होतं, एकही अक्षर न खोडलेलं. त्या क्षणी झालेला आनंद लिहून सांगता येणार नाही.

चांदी कशी वाचली याचं उत्तर साधं आहे. दगड जागचा हलत नाही, म्हणून त्यावरचं नाव खोडता येतं. नाणं मात्र हजारो हातांत पांगलेलं असतं, आणि चांदी कोणी फुकट घालवत नाही. लोकांनी ती पुरून ठेवली. बल्गेरियातल्या देव्न्या इथे १९२९ मध्ये असा एक साठा मिळाला, त्यातल्या ८०,००० हून अधिक नाण्यांची नोंद झाली. आपल्याकडे गौतमीपुत्र सातकर्णीने वेगळी वाट धरली. ज्याचा पराभव केला त्या क्षत्रप राजा नहपानाची चांदीची नाणी त्याने वितळवली नाहीत, त्यांवर स्वतःचा ठसा मारून ती चालू ठेवली. नाशिकजवळ जोगळटेंभीला १९०६ मध्ये मिळालेल्या १३,००० हून अधिक नाण्यांपैकी ९,००० हून अधिक अशी आहेत, आणि पुष्कळांवर ठशाखालून नहपान अजून डोकावतो.

शेवटी वेलाब्रो या भागातली सराफांची कमान. सान जोर्जो चर्चला चिकटलेली आहे आणि पर्यटक फारसे फिरकत नाहीत. २०४ मध्ये तिथल्या सराफांनी आणि गुरांच्या व्यापाऱ्यांनी ती राजघराण्यासाठी उभारली. आतल्या एका बाजूला सेव्हरस आणि डोम्ना होम करताना दिसतात, आणि डोम्नाच्या शेजारी ओकाबोका दगड. तिथे गेटा होता. समोरच्या बाजूला कॅराकॅला एकटाच उभा आहे. त्याची बायको प्लॉटिला आणि सासरा प्लॉटिआनस तिथून गायब आहेत. सासऱ्याला २०५ मध्येच मारलं, प्लॉटिलाला आधी हद्दपार करून मग. तिच्या लग्नाच्या वेळच्या देनारिअसवर नवराबायको हातात हात देऊन उभे आहेत. ते नाणं माझ्याकडे नाही. जुन्या संग्रहातलं, कुठून कुठे गेलं याची कागदपत्रं असलेलं मिळेल तेव्हाच घेईन; सध्या लिलावांच्या याद्या चाळते आहे.