नाक दाबून एक मिनिट

कार्डिओग्राम नॉर्मल, थायरॉइड नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, "टेन्शन घेऊ नका." म्हणजे नेमकं काय करू, ते नाही सांगितलं. इंदूरच्या सराफ्यात, रात्रीच्या खाऊबाजारात, ऐन गर्दीत छाती आवळून हात बधिर झाले, त्या रात्रीपासून दोन वर्षं मी राजवाड्याच्या पुढे गेले नव्हते.

मानसोपचारतज्ज्ञांनी पॅनिक डिसऑर्डरचं, म्हणजे अचानक तीव्र भीतीचे झटके येण्याच्या आजाराचं, निदान केलं. दर आठवड्याची फी झेपेना, तेव्हा त्यांनाच विचारून सीबीटीचा, म्हणजे विचार आणि वागणं बदलण्याच्या उपचारपद्धतीचा, ऑनलाइन कोर्स घेतला. सहा धडे, आपले आपणच करायचे. आधी जीएडी-७ ही चिंता मोजायची प्रश्नावली : सात प्रश्न, २१ पैकी गुण. १५ पासून पुढे तीव्र; मला १६. जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येतात का, हेही कोर्समध्ये वेगळं विचारतात. येत असतील तर हे एकट्यानं करू नये. त्यासाठी टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर आहे.

वाचताना सगळं पटायचं. धडधड झाली की 'अटॅक आला' वाटतं, त्या भीतीनं धडधड आणखी वाढते. पण तिसऱ्या धड्याचा गृहपाठ होता मुद्दाम धाप लावून घेण्याचा, म्हणजे धाप लागली तरी काही होत नाही हे अंगाला कळावं. विचारणारं कोणीच नाही, मग काय! पाच आठवडे लॉगिनच केलं नाही. शेवटी मावसबहिणीला रोज रात्री 'केलं' किंवा 'नाही केलं' एवढंच कळवायचं ठरवलं. कोर्सपेक्षा मला त्या मेसेजनंच हलवलं.

नाक चिमटीत, तोंडात बारीक स्ट्रॉ, एक मिनिट. (हृदय, दमा तपासून झालं होतं म्हणूनच.) सासूबाई दारात.

"अगं, हे काय?"

"धाप लावून घेतेय, आई."

"नाक दाबलं की तोंड उघडतं म्हणतात. तू तेही बंद केलंस!"

मग भीतीच्या जागी जायच्या चढत्या पायऱ्या : सकाळचा रिकामा सराफा, संध्याकाळचा राजवाडा, शेवटी रात्री दहाला सराफ्यात एकटीनं गराडू, म्हणजे तळलेल्या कंदाच्या फोडी, खायचे. तेही पर्समधली सॉर्बिट्रेट, हृदयाच्या दुखण्यावरची गोळी, घरी ठेवून. ती मला कोणी लिहून दिलेली नव्हती, सासऱ्यांच्या डब्यातून उचललेली. पण ती जवळ असली की 'गोळी होती म्हणून वाचले' असंच मन म्हणत राहतं.

गेले. भीती १०० पैकी ८० वर. पळायचं नाही, फक्त थांबायचं. वीसेक मिनिटांनी ३५. तोवर गराडू गार, वरचा जीरावन मसालाही ओला झालेला. तसेच खाल्ले आणि बहिणीला लिहिलं, 'केलं.'