मुंबईहून उत्तर व्हिएतनाम: पाठीवर एक बॅग, एक कॅमेरा आणि चौदा दिवस

दोन आठवड्यांची रजा मंजूर झाली की बहुतेक जण नकाशा उघडतात आणि किती ठिकाणं बसतात ते मोजायला लागतात. हनोई, सापा, हालोंग, ह्युए, होई आन, सायगाव, जमलं तर कंबोडियाही. फोटो काढायला निघालेल्या माणसानं असं करू नये, असं माझं ठाम मत आहे. मोजायच्या त्या सकाळी आणि संध्याकाळी. चौदा दिवसांत तेरा सकाळी आणि तेरा संध्याकाळी हाती लागतात, आणि उन्हाचा तिरपा, मऊ उजेड तेव्हाच असतो. गाव बदललं की यातली एक तरी बसमध्ये जाते. सात गावं केलीत तर जवळपास पाव उजेड खिडकीच्या काचेतून बघाल. म्हणून या आखणीत फक्त उत्तर व्हिएतनाम आहे आणि मुक्कामाची ठिकाणं मोजकी आहेत.

आधी ऋतू. मू कांग चाईची पायऱ्यापायऱ्यांची भातशेती साधारण सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत पिवळी असते, पण तेव्हा वादळांचा हंगामही चालू असतो. सप्टेंबर २०२४ मध्ये यागी वादळानंतर उत्तरेकडच्या डोंगरांत दरडी कोसळल्या, रस्ते वाहून गेले. पंधराच दिवस हातात असताना ती जोखीम मी घेणार नाही. ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत पाऊस ओसरलेला असतो, हवा निवळते आणि चीनच्या सीमेलगतच्या हा जियांग भागातल्या खडकाळ पठारावर कुट्टूची गुलाबी-पांढरी फुलं येतात. आपल्याकडे हे दिवस दसरा-दिवाळीच्या आसपासचे, त्यामुळे तिकीट महिना-दोन महिने आधी काढावं लागतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये उत्तरेत दिवसेंदिवस झिमझिम आणि राखाडी आभाळ असतं. तेतच्या, म्हणजे चांद्र नववर्षाच्या सुट्टीत दुकानं बंद आणि बसगाड्या तुडुंब. २०२७ मध्ये तेत ६ फेब्रुवारीला आहे. तो आठवडा टाळाच.

आता वार. सगळी आखणी हा जियांगमधल्या दोंग वान गावच्या रविवारच्या बाजाराभोवती फिरते. ह्मोंग, ताय, दाओ अशा डोंगरी समाजांची माणसं पहाटेपासून खाली उतरतात आणि सकाळी नऊ-दहापर्यंतच बाजार खरा रंगात असतो. शनिवारची रात्र दोंग वानमध्ये काढायची म्हटलं की बाकीचे वार आपोआप ठरतात. मुंबईहून मंगळवारी सकाळी हनोईला उतरायचं, तिथे दोन रात्री. गुरुवारी सकाळच्या बसनं हा जियांग शहर, एक रात्र. शुक्रवारी डोंगरांतली बाइकवरची गोल फेरी सुरू आणि रात्री येन मिन्ह. शनिवार-रविवार दोन्ही रात्री दोंग वान. सोमवारी मा पी लेंग घाट ओलांडून मेओ वाकमार्गे जू जा. मंगळवारी परत हा जियांग आणि तिथून बसनं हनोई, एक रात्र. बुधवार ते शुक्रवार निन्ह बिन्हला तीन रात्री. शनिवार-रविवार पुन्हा हनोई, सोमवारी परतीचं विमान. शेवटचा शनिवार-रविवार हनोईत येतो हे सोयीचं आहे, कारण होआन किएम तळ्याभोवतीचे रस्ते शुक्रवार संध्याकाळ ते रविवार वाहनांना बंद असतात आणि सगळं शहर पायी बाहेर पडतं. दरड पडून हा जियांगमध्ये एक दिवस अडकलात तरी या दोन रात्री तो धक्का सोसतात.

मुंबईहून हनोईला थेट विमानं आहेत आणि प्रवास साधारण पाच तासांचा. तिथलं घड्याळ आपल्या दीड तास पुढे. ई-व्हिसा एकदाच प्रवेशाचा हवा असेल तर २५ डॉलर, अनेकदा प्रवेशाचा ५० डॉलर, मुदत जास्तीत जास्त ९० दिवस. अर्ज फक्त सरकारी संकेतस्थळावर करा. शोधलं की वर दिसतात त्या बऱ्याचदा दलालांच्या साइट असतात आणि त्या दुपटी-तिपटीनं पैसे घेतात. चष्म्याशिवायचा समोरून काढलेला ४ बाय ६ सेंटिमीटरचा फोटो आणि पासपोर्टच्या माहितीच्या पानाचं स्वच्छ स्कॅन लागतं. मराठी माणसाची गफलत होते ती नावात. आपल्या पासपोर्टवर ‘गिव्हन नेम’च्या रकान्यात स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकत्र असतं. अर्जात आणि तिकिटावर ते पूर्ण, त्याच स्पेलिंगनं लिहा. मधलं नाव गाळलं, जन्मतारखेत दिवस-महिना उलटा पडला किंवा पासपोर्ट क्रमांकात एक आकडा चुकला, तर काउंटरवर अडवतात आणि फी परत मिळत नाही. कामाचे तीन दिवस सांगतात, पण तीन आठवडे आधी अर्ज करून टाका. मंजूर झालेल्या व्हिसाच्या दोन छापील प्रती जवळ हव्यात.

हा जियांगची फेरी साधारण साडेतीनशे किलोमीटरची आहे. इथे बाइक स्वतः चालवायची की मागे बसायचं, हा प्रश्न प्रत्येकाला पडतो. ताडदेव किंवा अंधेरीच्या आरटीओतून मिळणारा आपला आंतरराष्ट्रीय परवाना १९४९ च्या जिनिव्हा करारातला आहे आणि व्हिएतनाम १९६८ च्या व्हिएन्ना कराराचे परवाने मानतो. म्हणजे आपला परवाना तिथे चालत नाही. भाड्यानं बाइक देणारा काही विचारणार नाही, पण पोलिसांनी पकडलं तर दंड आहे. त्याहून गंभीर गोष्ट अशी, की अपघात झाला तर विनापरवाना चालवत होता म्हणून प्रवास विमा दावा नाकारू शकतो. त्यात वाहतूक उजव्या बाजूनं आणि घाटात समोरून येणारे ट्रक. म्हणून तिथल्या चालकामागे बसा. याला ‘ईझी रायडर’ म्हणतात. पाच दिवसांचे, राहणं-जेवण धरून, वीस हजार रुपयांच्या आसपास जातात. महाग वाटेल, पण फोटो काढणाऱ्याला याचाच फायदा आहे: दोन्ही हात मोकळे आणि डोळे दरीकडे. ठरवतानाच सांगा की थांबे जास्त लागतील आणि मोठ्या गटाबरोबर जायचं नाही. वीस बाइकच्या तांड्यात थांबा मिळतो तो सगळ्यांसाठी ठरलेल्या ठिकाणी, भर दुपारी.

हनोईहून रात्रीची बसही मिळते. ती घेऊ नका. जेमतेम तीनशे किलोमीटरचं अंतर असल्यानं ती पहाटे तीन-चारला पोचवते आणि झोप न झालेलं अंग घेऊन तुम्ही घाटात शिरता.

दोंग वानचं कार्स्ट, म्हणजे पाण्यानं झिजलेल्या चुनखडीचं, पठार २०१० पासून युनेस्कोचं भूउद्यान आहे. चुनखडीचे टोकदार सुळके आणि त्यांच्या फटीफटीत लावलेला मका हे इथलं खरं दृश्य. मा पी लेंगवरून खाली न्यो क्वे नदी दिसते. दरी इतकी अरुंद आणि खोल आहे की सकाळी लवकर तळाशी सावली आणि वर लख्ख ऊन असतं. एका फोटोत दोन्ही पकडायला गेलात तर नदी काळी नाहीतर आभाळ पांढरं. नदीचा हिरवा-निळा रंग हवा असेल तर ऊन तळाशी पोचेपर्यंत थांबा. डोंगरांच्या एकामागे एक रांगा हव्या असतील तर उतरत्या उन्हात, सूर्य समोरच्या बाजूला ठेवून काढा. नदी मागे सोडून मेओ वाककडे उतरलात की घाटाकडे वळून एकदा बघा. बहुतेक लोक तिथे थांबतच नाहीत.

माणसांचे फोटो विचारून काढा. कॅमेऱ्याकडे बोट दाखवून मान हलवली तरी समजतं, आणि नकार आला तर तो नकार. फुलांच्या टोपल्या पाठीवर घेऊन थाम मा घाटात उभ्या असलेल्या लहान मुलांना फोटोसाठी पैसे देऊ नका. त्या पैशांपायी मुलं शाळा सोडून रस्त्यावर उभी राहतात. बाजारात आधी काहीतरी विकत घ्या, बसा, खा, मग कॅमेरा काढा. लष्करी ठाणी आणि चीनच्या सीमेवरच्या चौक्यांकडे लेन्स वळवू नका. ड्रोन घरीच ठेवा. परवानगीशिवाय तो उडवता येत नाही आणि पर्यटकाला ती सहज मिळत नाही.

सामानाची मर्यादा विमान कंपनी ठरवते: बऱ्याच कंपन्यांत हातात ७ किलो. काही कंपन्या त्यात खांद्यावरची छोटी पिशवीही धरतात. वजन असं बसतं: ३५-४० लिटरची बॅग १.३ किलो, मिररलेस कॅमेरा आणि एक झूम १.२, एक ३५ मिलिमीटरची हलकी लेन्स ०.३, तीन बॅटऱ्या आणि चार्जर ०.३, एसएसडी (फोटो साठवायची छोटी डिस्क) आणि पॉवर बँक ०.५, कपडे २, पावसाळी जॅकेट ०.४, बाकी किरकोळ ०.४. झाले ६.४ किलो. ट्रायपॉड यात बसत नाही, आणि या सहलीत त्याची उणीवही भासत नाही. कापडाची रिकामी पिशवी न्या, तिथे किलोभर तांदूळ घेऊन भरा आणि कठड्यावर, बाइकच्या सीटवर कॅमेरा टेकवा. दोन सेकंदांचं एक्स्पोजर आरामात मिळतं. झूम म्हणजे फुल फ्रेमवर (मोठा सेन्सर) २४-१०५, एपीएस-सीवर (लहान सेन्सर) १६-८० किंवा १८-१३५. जवळ नसेल तर नवी विकत घेण्याआधी फोर्टमधल्या बोरा बाजारात वापरलेल्या लेन्स बघा. दिव्यासमोर धरून आत बुरशीचे धागे नाहीत ना ते तपासायचं, मुंबईच्या दमट हवेत हा दोष फार सापडतो.

सुट्या लिथियम बॅटऱ्या आणि पॉवर बँक चेक-इन सामानात चालत नाहीत, हातातच ठेवा. १०० वॉट-तासांपर्यंत परवानगी लागत नाही. मिलिअँपिअर-तासांना ३.७ नं गुणून हजारानं भागा: २०,००० ची पॉवर बँक ७४ वॉट-तास होते. तिच्यावरचा आकडा पुसला गेला असेल तर सुरक्षा तपासणीत ती काढून घेऊ शकतात. आपल्या दोन गोल पिनांचे चार्जर तिथे बहुतेक ठिकाणी चालतात, तीन पिनांचे नाही.

२४ मेगापिक्सेलची रॉ (कॅमेऱ्यानं प्रक्रिया न केलेली) फाइल साधारण ३० एमबी धरली आणि दिवसाला ४०० फोटो, तर रोज १२ जीबी, तेरा दिवसांत १५६. एकच मोठं कार्ड घेऊ नका, ६४ जीबीची चार घ्या. रोज रात्री एसएसडीवर प्रत करा आणि कार्ड पुसू नका. हनोईत एसीच्या खोलीतून कॅमेरा थेट बाहेर काढला की लेन्सवर आणि आतही वाफ धरते. निघण्यापूर्वी तो झिपच्या पिशवीत बंद करा आणि बाहेर आल्यावर अर्धा तास उघडू नका.

महागडा कॅमेरा असेल तर निघताना मुंबई विमानतळावर कस्टम्सकडून निर्यात प्रमाणपत्र घ्या. क्रमांक नोंदवलेली वस्तू परतताना नवी खरेदी समजली जात नाही. त्यासाठी वस्तू, बिल आणि तासभर जादा वेळ हवा.

पैशांचा माझा अंदाज माणशी असा: विमान २४,०००, व्हिसा २,३००, विमा १,२००, हॉस्टेलच्या नऊ रात्री ७,०००, फेरीबाहेरचं जेवण ८,५००, हा जियांगची फेरी २०,०००, बस-रेल्वे ३,५००, तिकिटं आणि शहरातला प्रवास ६,०००, सिम १,०००, अडीअडचणीला ८,०००. बेरीज ८१,५००. यातला विमानाचा आकडाच सगळ्यात जास्त हलतो. हजार डोंग (तिथलं चलन) म्हणजे साधारण साडेतीन रुपये, तेव्हा किमतीची शेवटची तीन शून्यं काढून साडेतीननं गुणा. वीस हजारांची आणि पाच लाखांची नोट दोन्ही निळसर आहेत, त्या वेगळ्या कप्प्यांत ठेवा. एटीएमनं किंवा कार्ड मशीननं रुपयांत रक्कम दाखवली तर नाकारून डोंगमध्येच द्या, रुपयांतला दर वाईट असतो. हनोईच्या नोई बाय विमानतळावरून ८६ क्रमांकाची बस ४५,००० डोंगमध्ये शहरात सोडते.

शाकाहारी असाल तर ‘क्वान चाय’ शोधा. चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी तिथले बरेच बौद्ध मांसाहार करत नाहीत, म्हणजे भिंतीवरच्या कॅलेंडरात अमावास्या-पौर्णिमा बघून ठेवा. इतर दिवशी भाज्यांतही फिश सॉस पडतो, हे धरून चाला. डोंगरात सगळे एका मोठ्या ताटाभोवती जेवतात, म्हणून फेरी ठरवतानाच सांगून ठेवा आणि शेंगदाण्याची चटणी जवळ असू द्या.

निन्ह बिन्हला हालोंगऐवजी तीन रात्री देण्याचं कारण खर्च. हालोंगला रात्रभराची बोट बजेट मोडते, इथे चुनखडीचे तसेच डोंगर वल्ह्याच्या होडीतून दिसतात. चांग आनला एका होडीत चार जण बसतात. एकटे असाल तर पुढच्या टोकाला जागा मागा, नाहीतर प्रत्येक फोटोत कुणाची तरी टोपी येते. गुहांत छत खाली येतं आणि पाणी ठिबकतं, तेवढा वेळ कॅमेरा पिशवीत. हांग मुआच्या पाचशेच्या आसपास पायऱ्या सकाळी दार उघडताच चढा. संध्याकाळी वरच्या अरुंद खडकावर रांग लागते.

निघण्यापूर्वी दोन सराव करा. भरलेली बॅग पाठीवर घेऊन कर्नाळा किल्ला चढून उतरा. जे खांद्याला टोचतं ते तेव्हाच कळतं. आणि पहाटे दादरच्या फुलबाजारात फक्त ३५ मिलिमीटर लेन्स घेऊन फिरा, आयएसओ (सेन्सरची प्रकाशाची संवेदना) ३२०० वर, फ्लॅशशिवाय. गर्दी, अंधुक पिवळे दिवे, चालती माणसं: हनोईतल्या लाँग बियेनच्या घाऊक बाजारात पहाटे हेच मिळणार आहे.

परतताना कार्डं खिशात ठेवा आणि एसएसडी बॅगेत, दोन्ही एका ठिकाणी नको. घरी आल्यावर दुसऱ्या डिस्कवर प्रत होऊन पन्नासेक फाइल उघडून बघेपर्यंत कार्ड फॉरमॅट करू नका.