डेव्हिएट नॉट-सपोर्टेड

"सर, मॉडेल स्टँडर्ड आहे ना? मग चालेना का?" अंबडच्या साईटवर आज नेटवर्कचे स्विच स्क्रिप्टने कॉन्फिगर करताना आमच्या ज्युनियरने विचारलं.

ओपनकॉन्फिगच्या मॉडेलने (वेगवेगळ्या कंपन्यांच्या नेटवर्क उपकरणांसाठी सेटिंगचा एकच सामायिक साचा) इंटरफेसचं वर्णन, एमटीयू (पॅकेटचा कमाल आकार) दोन्ही कंपन्यांच्या स्विचवर निमूट बसलं. क्यूओएसला (कुठल्या ट्रॅफिकला प्राधान्य द्यायचं, ती सेटिंग) मात्र एकाने एरर फेकला. यांग ही असे साचे लिहायची भाषा. त्या कंपनीची डेव्हिएशनची, म्हणजे साच्यापासून कुठे फारकत घेतली ते सांगणारी, यांग फाईल उघडली, तर ओळीमागून ओळ: 'डेव्हिएट नॉट-सपोर्टेड', म्हणजे 'हे आमच्याकडे चालत नाही'. नकार निदान लेखी तरी होता!

शेवटी तेवढ्यापुरतं कंपनीचं नेटिव्ह, म्हणजे तिचं स्वतःचं, मॉडेल वापरलं. काम झालं, पण स्क्रिप्टला दोन फाटे फुटले. यांगचं आरएफसी ६०२० (मानकाचा दस्तऐवज) आलं २०१० साली, आणि आपण अजून 'ही कंपनी असेल तर हे, नाहीतर ते' असं इफ-एल्सच लिहितोय.

चहा पिताना पोरगा म्हणाला, "आपल्या मिसळीसारखंच की, सर. पाटी सगळीकडे एकच, रस्सा ज्याचा त्याचा."

तुमच्या स्क्रिप्टमध्ये किती रस्से आहेत?