अकरा आठवड्यांचा खंड, वाळलेले पेन आणि वॉकरची रेखाटने

मागची नोंद लिहिली तेव्हा सलग २१२ दिवसांची रेखाटने वहीत जमा झाली होती आणि त्या आकड्यावर मी इतकी खूश होते की पुढच्या नोंदीत संपलेली वही दाखवीन, असे आश्वासनही देऊन बसले होते. प्रत्यक्षात २१३ वे पान अजून कोरे आहे. बाबा घरातच पाय घसरून पडले, खुब्याचे हाड मोडले, शस्त्रक्रिया झाली आणि त्यानंतरच्या अकरा आठवड्यांत औषधांच्या वेळांखेरीज मी कागदावर काहीही उतरवले नाही. ते आता वॉकर धरून चालतात आणि प्रकृती सुधारते आहे, त्यामुळे त्याविषयी येथे अधिक लिहीत नाही. ही नोंद मुख्यतः पेनाविषयी आहे, कारण गेले दोन आठवडे त्यानेच खाल्ले.

पेन तेच, एक्स्ट्रा फाइन निबेचे, ज्यात मी पहिल्या वहीपासून पाण्याने न पसरणारी काळी पिगमेंट शाई भरत आले आहे. जलरंगाचा वॉश (पातळ थर) दिल्यावर रेघ हलू नये, एवढाच त्यामागचा हेतू होता. अकरा आठवड्यांनी टोपण काढले तेव्हा निबेवर करडी साय धरली होती आणि कागदावर रेघेऐवजी नुसता ओरखडा उमटला. मी कन्व्हर्टरने, म्हणजे पेनात शाई ओढून घेणाऱ्या छोट्या पंपाने, कोमट पाणी आतबाहेर केले, प्रथम गडद, मग फिकट, मग स्वच्छ पाणी आले आणि शाई भरल्यावर पेन तीन-चार सेंटिमीटर छान चालून पुन्हा कोरडे पडले. पाणी स्वच्छ आले म्हणजे पेन स्वच्छ झाले, या समजुतीवर मी चार दिवस घालवले. डाय शाईच्या बाबतीत ती समजूत बऱ्याच अंशी खरी ठरते, कारण तिचा रंग पाण्यात विरघळलेला असतो आणि वाळल्यावरही पाणी मिळाले की पुन्हा विरघळतो. पिगमेंट शाईतले कण मात्र पाण्यात केवळ तरंगत असतात. एकदा ते एकमेकांना धरून वाळले की पाणी त्यांच्यावरून वाहून जाते आणि ते जागच्या जागी राहतात. ज्या विक्रेत्याने ही शाई ‘कोणत्याही फाउंटन पेनला सुरक्षित’ म्हणून दिली, त्याने ‘रोज वापरल्यास’ हे दोन शब्द जोडले असते तर बरे झाले असते.

पाचव्या दिवशी निब आणि फीड (निबेखालचा, तिला शाई पोचवणारा दातेरी भाग) बाहेर ओढून काढले. माझ्या पेनात दोन्ही केवळ घट्ट बसवलेले असतात, त्यामुळे ते शक्य झाले; ज्यांच्या पेनात ते चिकटवलेले असतात त्यांनी हा उद्योग करू नये. फीडच्या दात्यांमध्ये, जेथे जास्तीची शाई थांबायला हवी, तेथे राख भरावी तसा गाळ भरला होता, आणि शाई निबेपर्यंत नेणारी केसाएवढी खाच मधोमध बंद झाली होती. रात्रभर पाण्यात भांडी घासण्याच्या साबणाचा एक थेंब टाकून भिजवणे, सकाळी मऊ दातघाशीने दाते साफ करणे आणि निबेच्या चिरेतून ०.०५ मिलिमीटर जाडीची पितळी पट्टी हळूच फिरवणे, असा क्रम दोनदा केल्यावर खाच उजेडात आरपार दिसली. अल्कोहोल वापरण्याचा सल्ला अनेकजण देतात, परंतु त्याने काही प्लॅस्टिकना तडे जातात, म्हणून मी त्या वाटेला गेले नाही. उकळते पाणी तर नकोच, फीड वाकते.

जोडणीनंतर पेन इतके ओले चालू लागले की एक्स्ट्रा फाइनची रेघ मीडियमएवढी जाड येऊ लागली आणि ९० जीएसएमच्या (म्हणजे चौरस मीटरला ९० ग्रॅम वजनाच्या) कागदावर तिला मिशा फुटल्या. मला वाटले, पितळी पट्टीने निबेचे दोन फाटे दूर केले. भिंगातून पाहिले तेव्हा फाटे ठीक होते, पण निब फीडवर किंचित तिरकी बसली होती. ती पुन्हा काढून मधोमध बसवली आणि जुनी, किंचित खरखरीत, माझी अशी रेघ परत आली. त्या संध्याकाळी मी काहीही रेखाटले नाही, फक्त दोन पाने समांतर रेघांनी भरली आणि तेवढ्यावर मनापासून समाधान मानले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेन पुन्हा अडखळत सुरू झाले आणि तिसऱ्या दिवशी सुरूच झाले नाही.

येथे मला पहिल्यांदा शंका आली की दोष खंडात नसावा. अकरा आठवड्यांत पिगमेंट शाई वाळणे समजू शकते, दोन रात्रींत नाही. म्हणून एक साधा प्रयोग केला. पेन पुन्हा धुऊन भरले आणि दोन रात्री टोपण लावून टेबलावर ठेवले. नंतर पुन्हा धुऊन भरले आणि दोन रात्री टोपण लावूनच, पण हवाबंद डब्यात ओल्या कापसाच्या बोळ्याशेजारी ठेवले. डब्यातले पेन कागदाला टेकताच चालले. म्हणजे टोपणातून हवा जात होती. टोपणाच्या आत प्लॅस्टिकच्या नळीचे दुसरे टोपण असते; त्या आतल्या टोपणात पाण्याचे चार थेंब टाकून दहा मिनिटे उभे ठेवले तेव्हा क्लिपच्या बुडाशी ओल दिसली, आणि टॉर्चच्या उजेडात आतल्या प्लॅस्टिकच्या नळीला गेलेला बारीक तडाही सापडला. तो कधीचा आहे हे सांगता येणार नाही, पण मागच्या नोंदी चाळल्या तेव्हा १४० व्या दिवसापासून ‘पहिली रेघ कोरडी’ अशी तक्रार मीच तीनदा लिहिलेली आढळली. मी रोज रेखाटत होते म्हणून शाईला वाळण्याइतका अवधीच मिळत नव्हता आणि फुटके टोपण त्या सलगपणाखाली झाकले गेले होते.

आता याच संदर्भात सलगपणाविषयीचे माझे मत बदलले आहे, तेही नोंदवते. २१२ हा आकडा वाढवण्यासाठी मी जी पाने भरली, त्यांतली निदान चाळीस पाने रात्री पावणेबारा वाजता टेबलावरच्या कपाची आहेत, आणि त्यांतल्या बहुतेक कपांची तोंडे दोन्ही टोकांना अणकुचीदार आहेत. दीर्घवर्तुळाला कोपरा नसतो हे मला ठाऊक आहे, तरी थकलेला हात तो काढतोच. याउलट पॉल क्ली या चित्रकाराची नोंदवही मला अलीकडे फार जवळची वाटते. तो आपल्या कामांची क्रमांकवार सूची १९११ पासून स्वतः ठेवीत असे. त्वचा कठीण करीत जाणाऱ्या आजाराने १९३५ मध्ये त्याला गाठले. १९३६ सालासमोर त्या सूचीत अवघी २५ कामे आहेत आणि १९३९ सालासमोर १,२०० हून अधिक. पुढल्याच वर्षी तो वारला. त्याच्या सूचीला सलगतेची अट नव्हती, म्हणून २५ चे वर्ष १,२०० च्या वर्षाशेजारी त्याच वहीत बसू शकले. मी दिवस मोजणे थांबवले असून यापुढे फक्त पाने मोजणार आहे. २१३ व्या पानावर तारीख घालायची नाही, हेही ठरवले आहे.

पेन साबणाच्या पाण्यात पडले होते त्या दिवसांत हाताशी राहिले ते औषधांच्या वेळा लिहिण्याचे साधे बॉलपेन आणि व्यायामाच्या सूचना छापलेल्या कागदांच्या कोऱ्या पाठी. बाबांनी दिवसातून दोनदा दहा-दहा मिनिटे वॉकर घेऊन चालायचे असते. सहा-सात पावलांनंतर ते थांबतात, वीस-तीस सेकंद श्वास घेतात आणि पुन्हा निघतात. जेश्चरसाठी, म्हणजे शरीराची ढब झटपट पकडण्याच्या सरावासाठी, ३० सेकंदांचा टायमर लावून अनोळखी छायाचित्रे पाहण्यात मी मागचे वर्ष घालवले होते. येथे तोच टायमर माझ्यासमोर चालत होता, आणि तीच पोझ एका फेरीत दहा-बारा वेळा, दर वेळी थोड्या वेगळ्या कोनातून मिळत होती.

पहिल्या तीन दिवसांची रेखाटने वाईट आली. वॉकरचे चार पाय, आडव्या नळ्या, मुठी हे सारे मी मन लावून काढले, कारण सरळ नळ्या थांबून राहतात आणि माणूस हलतो. बाबांनी कागद हातात घेऊन बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, “वॉकर उत्तम उतरलाय गं. पण त्याला धरून कोण उभं आहे?”

टीका अचूक होती. माझ्या आकृतीचे वजन कोठेच पडत नव्हते. ती वॉकरशेजारी टांगलेली दिसत होती. वॉकरवर भार देणाऱ्या माणसाचे खांदे कानांकडे चढतात, मान पुढे येते, कोपरे जवळजवळ सरळ होतात आणि दुखरा पाय जमिनीला लागलेला असला तरी त्याच्यावर भार नसतो. खरा भार दोन तळहात आणि एक पाय यांवर असतो. मी क्रम उलटा केला. आधी डोक्यापासून तळहातांपर्यंत दाबाची एकच रेघ, मग धडधाकट पाय, मग जमीन, आणि वॉकर सर्वांत शेवटी, तोही नळ्या म्हणून नव्हे तर नळ्यांमधून दिसणाऱ्या रिकाम्या जागांच्या आकारांतून. पाचव्या दिवशी सकाळच्या फेरीतले सातवे रेखाटन जमले. त्यात चेहरा नाही, बोटे नाहीत, वॉकरचा चौथा पाय काढायचा राहून गेला आहे, आणि तरीही तो माणूस सर्व बळ तळहातांवर देऊन उभा आहे, हे कोणालाही कळेल. संध्याकाळी तो कागद दाखवला तेव्हा बाबांनी वॉकरकडे पाहिलेही नाही. “डावा खांदा खरंच एवढा वर जातो?” एवढेच विचारले आणि पुढच्या फेरीत तो मुद्दाम खाली ठेवण्याचा प्रयत्न केला, त्यामुळे माझी पोझ बिघडली.

याचे थोडे श्रेय बॉलपेनला द्यायलाच हवे. त्याला आपण उगाच कमी लेखतो. त्याची रेघ हाताच्या दाबानुसार पेन्सिलीसारखी फिकट-गडद होते, त्यामुळे शोधत्या रेघा पुसट ठेवून निवडलेली रेघ वर दाबता येते. फाउंटन पेनच्या एक्स्ट्रा फाइन निबेला ते जमत नाही, तिची पहिली रेघ हीच अंतिम रेघ असते. शिवाय बॉलपेन महिनाभर पडून राहिले तरी चिंधीवर दोन गिरक्या घेऊन सुरू होते. दोन दोष आहेत: गोळीवर साठणारी शाई नेमकी नाजूक जागी गुठळी सोडते, म्हणून दर काही रेघांनी टोक पुसावे लागते, आणि ही शाई उजेडात फिकट होते, त्यामुळे सुटे कागद भिंतीवर न लावता बंद फाइलमध्येच ठेवावे लागतील.

नोंद लिहायला घेतली तेव्हा ठरवले होते की फुटक्या टोपणाचे पेन निवृत्त करून नवे घ्यायचे. प्लॅटिनम कंपनीची स्प्रिंगवर बसणाऱ्या आतल्या टोपणाची पेने खूप काळ वाळत नाहीत म्हणतात, त्यांचा विचार चालू होता. परंतु वरचा डाय शाईविषयीचा परिच्छेद लिहितानाच एक गोष्ट लक्षात आली. डाय शाई वाळली तरी पाण्याने पुन्हा विरघळते, म्हणजे फुटक्या टोपणाच्या पेनात ती भरली तर दोन दिवसांनी निब ओल्या कापडावर टेकवली की काम भागेल. आणि जो दोष टाळण्यासाठी मी तिला दोन वर्षे दूर ठेवले, तोच येथे उपयोगी पडेल: रेघेवरून ओला ब्रश फिरवला की तिच्यातूनच करडी छटा निघेल. बॉलपेनची तेलकट शाई पाण्याने सहसा हलत नाही. तेव्हा आकृती बॉलपेनने, सावली डाय शाईने आणि वर पाण्याचा एक ब्रश, म्हणजे एका रेघेने जागेवर राहायचे आणि दुसरीने वाहायचे.

हे लिहिता लिहिता उठून २०० जीएसएमच्या एका तुकड्यावर करून पाहिले. काळी डाय शाई पाण्याखाली चक्क निळसर-जांभळी फुटली, जी मला मुळीच नको होती, पण वॉकरच्या नळ्यांखालच्या सावलीला ती शोभली. आकृतीची रेघ हलली नाही. ब्रश फार ओला होता; पुढच्या वेळी कापडावर टिपून मगच लावायचा. पातळ कागद मात्र या पद्धतीला चालणार नाही, तो लगेच वळ्या पाडतो, म्हणून व्यायामाच्या कागदांच्या पाठी फक्त बॉलपेनसाठी राखून छटा द्यायची रेखाटने वहीच्या २१३ व्या पानापासून घेईन.

घाई अशी की पुढच्या आठवड्यात वॉकर जाऊन काठी येणार आहे. काठीबरोबर भार एका हातावर येईल, दुसरा खांदा खाली उतरेल, थांबे कमी होतील आणि जमू लागलेली पोझ संपेल. अजून दोन्ही वेळच्या मिळून बारा फेऱ्या शिल्लक आहेत, त्यांतली आजची संध्याकाळची अर्ध्या तासात सुरू होईल.